विजेचे शेततळे : बॅटरी साठवण

रात्रीच्या पाळीला विंचूकाट्यातून हातात बॅटरी घेऊन दारे धरण्याचा त्रास शेतकरी बंधूंना नवा नाही. येथे सांगावयाची बॅटरी मात्र मालाच्या कंटेनरएवढी असते व उपकेंद्राशेजारी बसविली जाते.

सौर वीज दुपारी मुबलक मिळते, तर मागणी दिवस मावळल्यावर वाढते. पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून आपण पुढे वापरतो, त्याचप्रमाणे दुपारची वीज साठवून संध्याकाळी सोडणे हे या बॅटऱ्यांचे काम होय. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये अशा ४,००० मेगावॅट-तास साठवणुकीसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य मंजूर केले. एक मेगावॅट-तास म्हणजे १,००० युनिट; म्हणजेच एकूण ४० लाख युनिट. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालविल्यास सुमारे ३० युनिट वीज लागते. या हिशेबाने पूर्ण भरलेला हा साठा सुमारे १ लाख ३३ हजार पंपांना एकच दिवस पुरेल. देशातील पंपांची संख्या पाहता हे फारच थोडे आहे.

शिवाय बॅटरी वीज तयार करीत नाही, उलट थोडी खाते. शंभर युनिट भरले तर साधारण ८५ परत मिळतात. म्हणून दुपारची वीज साठवून रात्री पंप चालविणे आतबट्ट्याचे ठरते. घरातला दिवा दुपारी लावून भागत नाही, ठिबक मात्र दिवसा चालते. तेव्हा पंपाला दिवसा थेट सौर वीज मिळावी (मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच तत्त्वावर आहे) व साठवलेली वीज संध्याकाळसाठी राखावी, हेच सोयीचे. तुषार संच असल्यास वारा वाढण्यापूर्वी, सकाळीच पाळी उरकावी.