सासूबाईंना चालवून बघणार आहेत ना?

घाबरू नकोस गं. काल फोनवर तुझा आवाज अगदी पडला होता. धाप लागणाऱ्या बाईला सहा मिनिटं चालायला लावणार म्हणजे काय, म्हणालीस. आईच्या वेळी मीही अशीच हबकले होते.

आईची चूल आठवते ना? पावसाळ्यात ओल्या बाभळीच्या काटक्या, पाचट, आणि फुंकणी हातात घेऊन डोळे पुसणारी आई. बिडीला कधी हात लावला नाही तिनं, तरी त्या धुरानं सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, निघाला. तुझ्या सासूबाईंचं आयुष्य तर चुलीपुढे आणि गुऱ्हाळाच्या चुलवणापाशी गेलं. आपल्या शिरूर-दौंडच्या किती घरांत अशा बाया आहेत! नुसतं 'वय झालं' म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवलेल्या. शिरूर तालुक्यात वढूला केईएम रुग्णालयाचं केंद्र आहे, म्हणून निदान गावागावांत श्वासाच्या आजारांचं नाव तरी निघतं.

नळीत फुंकून घेतात ना, त्यात फुप्फुसातून हवा किती आणि किती वेगानं बाहेर पडते ते कळतं. पण बाई दळणाचा डबा घेऊन गिरणीपर्यंत जाईल का, ते त्यात दिसत नाही. त्यासाठी चालवून बघतात. पूर्वी बारा मिनिटं चालवायचे, माणसं पार थकून जायची. 1982 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की सहा मिनिटांतही तेवढंच कळतं.

तीस मीटरचा सपाट, सरळ व्हरांडा असतो. दोन टोकांना खुणेचे शंकू. बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावतात, म्हणून नखांचा रंग काढून ने. धाप किती लागली, पाय किती भरून आले, हे आधी आणि नंतर आकड्यांत विचारतात. सासूबाईंना आधीच समजावून ठेव, नाहीतर 'काय नाही, बरी हाय' म्हणून मोकळ्या होतील!

आता माझी चूक सांगते, ती तू करू नकोस. मी आईच्या बाजूनं चालत होते, 'चल गं आई, जरा पाय उचल' म्हणत. मुलीपुढे कमी पडू नये म्हणून ती बिचारी धावल्यासारखी निघाली, आणि तिसऱ्या मिनिटाला भिंतीला हात टेकून उभी राहिली. कपाळावर घाम, पदर दातांत धरलेला. फिजिओथेरपिस्टबाईंनी मला हळूच बाजूला केलं. सोबत कुणी चाललं की पेशंटची चाल बदलते. बोलायचं तेसुद्धा ठरलेलं एखादं वाक्य, दर मिनिटाला, आणि ते त्यांनीच. थांबलं तरी चालतं, फक्त घड्याळ थांबत नाही. अर्ध्या तासानं पुन्हा चालवलं, तेव्हा आई आपल्या चालीनं चालली आणि जास्त चालली. पहिल्या खेपेला अंदाज नसतो, म्हणून दोनदा घेऊन चांगला आकडा धरतात.

जागा कमी असली तर दुसरी रीत असते. दहा मीटरच्या टप्प्यात येरझारा, टेपवर टुँ वाजलं की वळायचं, आणि दर मिनिटाला वेग वाढत जातो. लेस्टरच्या सॅली सिंग यांनी 1992 मध्ये ती मांडली. तीत मात्र दमेपर्यंत चालवतात, हे माहीत असू दे.

सासूबाईंच्या छातीत कधी दुखलं असेल, महिन्याभरात हृदयाचा झटका आला असेल, बीपी चढलेलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांग. लपवू नकोस. श्वासाचा पंप रोजच्यासारखा घेऊ दे, किती वाजता घेतला ते लिहून ठेव.

आणि मनातलं एक सांगू? आईला धाप लागते म्हणून मी तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता दोन वर्षं. माया होती गं ती, पण तिच्या मांड्या वाळून गेल्या. थोडं चाललं तरी जास्तच धाप लागायला लागली. चाचणीनंतर आठ आठवडे व्यायाम करून घेतला, आणि त्याच व्हरांड्यात ती चाळीस मीटर जास्त चालली. तीस मीटर वाढले तरी फरक पडला असं डॉक्टर धरतात. फुप्फुसं होती तशीच आहेत, पण आता ती एकटी देवळापर्यंत जाऊन येते. म्हणून परवाचा आकडा कमी आला तर तोंड पाडू नकोस, त्यांच्यासमोर तर मुळीच नाही. व्यायाम कुठून सुरू करायचा, हे त्याच आकड्यावरून ठरणार आहे.

दवाखान्यात जायचं म्हणून नव्या चपला घालायला लावू नकोस. रोजच्या, पायात बसलेल्या असू देत. सकाळी हलकं काहीतरी खाऊ घाल. रिपोर्ट आला की फोन कर, आणि मीटर सांगायच्या आधी त्या कितव्या मिनिटाला थांबल्या ते सांग.