माळढोक, माळ आणि माळाचे धनी
(द्वितीय वर्ष, कला)

पक्षी वाचवायचा म्हणजे त्याच्याभोवती कुंपण घालायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण जो पक्षी शेतात चरतो आणि उघड्या माळावर अंडे घालतो, त्याला कुंपण घालायचे तरी कुठे? सोलापूरकडच्या माळढोकाची हकीकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे.

माळढोक सुमारे एक मीटर उंच असतो. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. दाट झाडी त्याला मानवत नाही. चहूकडे नजर जाईल असा गवताळ माळ आणि त्याला लागून असलेले कोरडवाहू रान हेच त्याचे घर. नाकतोडे, भुंगे, सरडे, सांडलेले धान्य, बोरे हे त्याचे खाणे. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. शेळ्यामेंढ्यांच्या पायाखाली किंवा कुत्र्याच्या तोंडी ते गेले की सारे संपले. म्हणजे त्या अंड्याचे भवितव्य वनरक्षकाइतकेच गुराख्याच्याही हाती असते.

१९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. हेतू चांगलाच होता. परंतु त्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर धरले गेले आणि त्यात गावेच्या गावे, लोकांची खाजगी शेते आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीत आणि बांधकामात अडचणी सुरू झाल्या. आमचे गावही त्या रेषेच्या आत होते. आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी दोन एकर विकायला काढले, तेव्हा कागद एका कार्यालयात अडकून पडले आणि लग्न सावकाराच्या पैशांवर झाले. ज्या आजोबांनी तरुणपणी आमच्या माळावर माळढोक पाहिला होता, तेच पुढे त्याचे नाव काढले की उठून जात. पक्ष्याने त्यांचे काही बिघडवले नव्हते. उलट तो पिकावरचे किडेच खात होता.

२०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण मधल्या काळात पाणी आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, माळ नांगरले गेले. आज नान्नजला माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. २०१८ च्या अंदाजानुसार देशात हे पक्षी १५० च्या आसपास उरले होते व त्यांतील बहुतेक राजस्थानात होते.

आता दुसरे उदाहरण पाहू. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेळ्ळूर नावाचे खेडे आहे. तेथे पेलिकन आणि चित्रबलाक हे मोठे पक्षी घरांच्या परसातील चिंचेवर घरटी बांधतात. गावकरी त्यांना बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींसारखे मानतात. त्यांची विष्ठा शेताला खत म्हणून उपयोगी पडते. पक्ष्यांसाठी चिंच झाडावरच सोडावी लागते, म्हणून वनखात्याने झाडाच्या मालकाला भरपाई देण्याची प्रथा पाडली. २००७ साली या ठिकाणाला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. वन्यजीव कायद्यात अशा क्षेत्राची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने झाली. १९७९ मध्ये ती नव्हतीच.

चिंचेचे झाड आणि हजारो एकर माळ यांत अंतर आहे, हे मान्य. शिवाय माळढोक घटण्याची कारणेही अनेक आहेत. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. कोक्करेबेळ्ळूरमध्ये पक्ष्यामुळे होणारा तोटा कोणाचा, हे ओळखून तो भरून देण्याची सोय झाली. आमच्याकडे तो ज्याचा त्याने सोसला. गरीब माणसाने पदरमोड करून पक्षी सांभाळावा, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही आणि ते फार काळ टिकतही नाही.

यात आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण उत्साहाने उजाड माळावर खड्डे खणून झाडे लावतो. पण सातबाऱ्यावर जो माळ ‘पडीक’ असतो, तो टिटवी, चंडोल, धाविक यांचे घर असतो आणि धनगराचे कुरणही. पुढच्या शिबिरात कुदळ मारण्याआधी त्या गावच्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारावे, असे मला वाटते: येथे कोणते पाखरू कोणत्या महिन्यात अंडी घालते, कोणते गवत कधी कापावे, कोणता भाग मोकळा सोडावा. ही माहिती वहीत उतरवून ग्रामसभेपुढे ठेवावी. आपल्यापैकी पुष्कळजण अशाच गावांतून आलो आहोत. निदान विचारायला तरी आपल्याला परके वाटू नये.