चार विद्यांचा चौक



आषाढी एकादशीची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. त्यामुळे तुकाराम महाराजांची पालखी आपल्या अकलूजला कधी जूनअखेरीस, तर कधी जुलैत येते. आपला पुनरुत्थानाचा सणही असाच पुढेमागे होतो: २०२४ साली ३१ मार्च, २०२५ साली २० एप्रिल, २०२६ साली ५ एप्रिल. दोन्हींमागे चंद्राचे गणित आहे.

ख्रिस्तसभेचा नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे पुनरुत्थान रविवार. ही तारीख आधीच सांगायची तर सूर्य आणि चंद्र यांचा मेळ घालता आला पाहिजे. म्हणून मध्ययुगात धर्मगुरूंनाही गणित लागे.

त्या काळी युरोपात व्याकरण, तर्कशास्त्र व वक्तृत्व यांच्या जोडीला गणिताच्या चार विद्या होत्या: अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. त्यांना मिळालेल्या लॅटिन नावाचा अर्थ ‘चार वाटांचा चौक’. संगीत गणितात कसे? तार बरोबर मध्यावर दाबून छेडा. तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. स्वरांचे नाते म्हणजे संख्यांचे प्रमाण.

गणित चुकले तर काय होते? जुन्या दिनदर्शिकेत वर्ष काही मिनिटांनी मोठे धरले होते. सोळाव्या शतकापर्यंत ही चूक १० दिवसांवर गेली आणि सणाचा हिशोब बिघडला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरायला लावला. त्यामागचे गणित क्लाव्हियस या येशूसंघीय धर्मगुरूने जगाला समजावून दिले.

महाराष्ट्रातही ही विद्या जपली गेली. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. अंकगणिताची ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख सांगतो, की त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला आणि १२०७ साली त्याला दान मिळाले. विद्या टिकते ती कोणीतरी पुढच्या पिढीला शिकवते म्हणून.

आपल्याकडे मात्र ‘मला गणित जमत नाही’ म्हणत कितीतरी मुले दहावीनंतर वाट बदलतात. ज्यांना गणित येते त्यांनी आठवड्यातून एक तास अशा मुलांसोबत बसावे. हीसुद्धा सेवाच आहे.

घरी करून पाहा: २०२७ साली २२ मार्चला, सोमवारी पौर्णिमा आहे. मग पुनरुत्थान रविवार कोणत्या तारखेला येईल?