रामटेकचा दोन रात्रींचा मुक्काम

काटोल तालुक्यातले एक शेतकरी जोडपे. लग्नाला २५ वर्षे झाली. एवढ्या वर्षांत दोघे मिळून गावाबाहेर गेले, ते कोणाच्या लग्नाला, नाही तर मयतीला, नाही तर नागपूरच्या दवाखान्यात. लग्नाच्या वर्षी नवरा म्हणाला होता, "तुला रामटेकला नेईन." मग कधी कपाशी वेचायची होती, कधी गाय व्यायची होती. रामटेक राहून गेले.

यंदा फाल्गुनात हरभरा घरी आला. सून म्हणाली, "आई, तुम्ही दोघे दोन दिवस जाऊन या. गाईचे आम्ही पाहू."

बाई नवऱ्याला म्हणाली, "लोक काय म्हणतील जी? या वयात काहून फिरायचे?"

"म्हणू दे लोकांना," नवरा म्हणाला.

बरोबर बोलला. म्हातारपणी काठी टेकत देवाला जावे, असा आपल्याकडे समज आहे. पाय धड आहेत तोवर का जाऊ नये, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

नागपूरहून रामटेक सुमारे ५० किलोमीटर. एस.टी. थेट जाते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट पडते. बाईने आपले तिकीट आपणच वाचले आणि उरलेले पैसे मोजून घेतले.

आता उतरायचे कुठे? पूर्वी वाटसरू धर्मशाळेत उतरत. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. आजकाल शेतकऱ्याच्या मळ्यातही पैसे देऊन राहता येते. त्याला कृषी पर्यटन म्हणतात. २०२० साली सरकारने त्याचे धोरण ठरवले. शहरातले लोक तिथे हौसेने जातात. आपल्या जोडप्याला त्याची गरज नव्हती. शेणाचा वास त्यांना घरीच मिळतो! त्यांनी गडाखालचा एक लहान लॉज धरला. भाडे रोजचे ८०० रुपये. मुलाने फोनवरून ५०० रुपये आगाऊ भरले होते.

शुक्रवारी दुपारी ४ वाजता दोघे पोचले. लॉजवाल्याने मोठी वही पुढे केली. नाव, गाव, आल्याची तारीख, वेळ, माणसे किती, सही. नवऱ्याने सही केली. बाईपुढे लॉजवाल्याने शाईची डबी सरकवली. बाईने ती बाजूला सारली आणि पेन मागितला. नाव लिहायला तिला वेळ लागला. मागे दोन माणसे खोळंबली होती. खोळंबू द्यावीत. आधार कार्डाची प्रत दिली, तिच्यावर "फक्त लॉजसाठी" असे लिहून तारीख घातली. ही सवय चांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सात वाजेपर्यंत निजली. चहा खालून आला. आयता चहा तिने दोनदा पिऊन घेतला.

मग दोघे गड चढले. पायऱ्यांवर वानरे फार, हातातली पिशवी सांभाळावी लागते. गडावर रामाचे देऊळ आहे आणि एका दगडात घडवलेला भला मोठा वराह आहे. या भागात पूर्वी वाकाटक राजांचे राज्य होते. त्यांची एक राणी प्रभावतीगुप्ता. नवरा वारला, मुले लहान, तेव्हा तिने राज्य चालवले. जवळच नगरधन गाव आहे. तिथे खोदकामात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. मुद्रा म्हणजे त्या काळची सही.

गडाजवळ कालिदासाचे स्मारक आहे. कालिदास हा फार मोठा कवी. त्याच्या 'मेघदूत' काव्यात एक यक्ष आहे. कामात चुकला म्हणून त्याला वर्षभर बायकोपासून दूर, रामगिरीवर राहण्याची शिक्षा झाली. पावसाळ्याचा ढग पाहून तो त्याच्याबरोबर बायकोला निरोप धाडतो. तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी मांडले. सगळे पंडित तसे मानत नाहीत.

नवऱ्याने ही गोष्ट सांगितली. बाई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "तो दूर होता म्हणून निरोप धाडत होता. आपण एका घरात राहून कधी बोललो जी? पाणी आलं का, बैल बांधले का, एवढंच."

नवरा गप्प राहिला. मग म्हणाला, "आता बोल." दिवे लागेपर्यंत दोघे तिथेच बसले. काय बोलले ते आपल्याला कशाला हवे?

रविवारी सकाळी १० वाजता निघायचे होते. लॉजवाल्याने पावती केली. ३ दिवसांचे २,४०० रुपये, आगाऊ ५०० वजा, बाकी १,९००. नवरा पैसे काढू लागला. बाई म्हणाली, "थांबा जी." तिने भिंतीवरची पाटी बोट ठेवून वाचली: "एक दिवस म्हणजे दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२."

"दादा, आम्ही दोन रात्री राहिलो. आज १२ वाजायचे आहेत."

लॉजवाल्याने पाटीकडे पाहिले. "बरोबर आहे, काकू." त्याने नवी पावती केली. तो लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने तारखा मोजल्या, मोजायच्या होत्या रात्री. न ऐकल्यास ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन आहे.

पावतीवर जी.एस.टी. लावला असेल, तर दुकानाचा १५ अक्षरी व अंकी जी.एस.टी. क्रमांक तिच्यावर हवा. तो नसेल तर कर देण्याआधी विचारावे.

हिशेब करा: रोजचे भाडे ८०० रुपये, राहिले २ दिवस, आगाऊ दिले ५०० रुपये. बाईने किती रुपये दिले? उत्तर वहीत अंकांत आणि अक्षरांत लिहा. खाली तारीख घालून सही करा.