ध्वनिमिश्रण : आधी उतरवा, मग चढवा



स्नेहसंमेलनात मुले महिनाभर पाठ केलेले मराठी गीत म्हणतात, आणि समोर बसलेल्या आजी-आजोबांना ऐकू येतो तो फक्त ढोलक आणि सिंथेसायझर. इंदूरसारख्या हिंदी वातावरणात मुलांच्या तोंडी आलेले मराठी शब्दच बुडावेत, हे काही बरे नाही. यावरचा उपाय ध्वनिमुद्रणाच्या वर्गात शिकवतात. त्याला ‘मिक्सिंग’ म्हणतात. स्वयंपाकघरातला मिक्सर सगळे एकजीव करतो. इथे मात्र सगळे एकत्र असूनही प्रत्येक आवाज वेगळा कळला पाहिजे.

पूर्वी गायक आणि वादक एकाच मायक्रोफोनसमोर असत. गायक जवळ, तबला जरा मागे; अंतर हेच मिश्रण. आता प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेता येतो आणि प्रत्येक ट्रॅकला वरखाली सरकणारी पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. नवशिक्या काय करतो? गाणे ऐकू येत नाही म्हणून गाण्याचा फेडर चढवतो, मग तबला दबला म्हणून तबल्याचा, मग पेटीचा. संगणकात ० डेसिबल हे छत आहे. सगळ्यांची बेरीज त्याच्या वर गेली की लहरींची टोके कापली जातात आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर सहसा पुरता दुरुस्त होत नाही.

म्हणून पहिला धडा असा : सर्व फेडर खाली. आधी फक्त गाणे, तेही छतापासून बरेच खाली. मग तबला, मग पेटी, शेवटी तानपुरा. शब्द अस्पष्ट झाले की गाण्याला हात लावू नका, नुकताच आणलेला ट्रॅक उतरवा. ६ डेसिबल उतरवले की लहरीची उंची निम्मी होते, पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरवावे लागतात. गणित आणि कान यांचा हिशेब वेगळा, हे भौतिकशास्त्राच्या तासाला जरूर विचारा.

एवढ्यानेही भागले नाही तर ‘इक्वलायझर’. स, श, च, ट या व्यंजनांची स्पष्टता बरीचशी २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असते. पेटीचा आवाजही तिथवर पोहोचतो. पेटीचा तेवढाच भाग थोडा उतरवला की शब्द आपोआप पुढे येतात. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि पंख्याची घरघर गाण्याच्या ट्रॅकमधून खालच्या बाजूने छाटता येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी दाखवले की आवाज लहान असला की खर्जाचे स्वर कानाला जास्तच कमी ऐकू येतात. म्हणून मोठ्याने ऐकताना सगळेच भरदार वाटते आणि मिश्रण फसते. मध्यम आवाजात काम करावे, मग मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर तपासावे. पालकांनी हेही ध्यानात ठेवावे : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांसाठी आठवड्याला ४० तास ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे, मोठ्यांसाठी ८०. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. कानातल्या नाजूक केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत.

विश्वस्त मंडळींपुढे दरवर्षी नव्या, मोठ्या स्पीकरची मागणी येते. माझ्या मते त्याआधी दोन चांगले हेडफोन घ्यावेत, खर्चही कमी. ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर तर मोफत मिळते.

नववी-दहावीच्या मुलांनी या महिन्यात एक प्रार्थना घ्यावी : गाणे, पेटी आणि तबला वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून मिश्रण करावे. मग ती प्रार्थना कधीच न ऐकलेल्या घरच्या एखाद्या माणसाला एकदाच ऐकवावी आणि त्यांना कळलेले शब्द कागदावर लिहून आणावेत.