एका दिवसाला एकच घाट

वाई,
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. सानिका,


तू पाठवलेला आराखडा नीट पाहिला. पुणे, भोर, वरंध घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, वाई, मांढरदेवी आणि पुन्हा भोरवरून पुणे. मार्ग फार सुरेख निवडला आहेस. सह्याद्रीत सायकलवर हिंडायला याहून चांगला फेरा मला सुचवता येणार नाही. पण हे सगळं तू दोन दिवसांत बसवलं आहेस, ते मात्र मला पटलेलं नाही. पाच दिवस घे. दादाशी मी बोलते.

तुझा हिशोब मला कळला. बीआरएमच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि तू ती वेळेत पुरी केली आहेस, मग सव्वातीनशेचं एवढं काय, असं तुला वाटतंय. पण घाटात किलोमीटर मोजून काही कळत नाही, तिथे चढ मोजावा लागतो. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर. सामान लादलेली सायकल अशा चढावर ताशी सात-आठ किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे नुसतं चढायलाच पाच-सहा तास, पाणी, खाणं आणि टेकणं वेगळं. त्याच दिवशी पसरणीचा घाट वाईकडे उतरून मांढरदेवी चढायची म्हटलीस तर अंधार रस्त्यातच गाठणार. म्हणून माझा नियम साधा आहे: एका दिवसाला एकच घाट. पहिल्या दिवशी कात्रज, मग वरंध, आंबेनळी, पसरणी, आणि शेवटच्या दिवशी मांढरदेवी. मुक्काम भोर, महाड, महाबळेश्वर आणि आपल्या घरी. शेवटच्या दिवशी परतीचा कात्रज चढायचाच आहे, पण तोवर पाय तयार झालेले असतील.

सायकलीचं बोलते. तुझ्या पुढच्या चकत्या ५०-३४ आहेत, ते ठीक. मागची कॅसेट ११-२८ आहे, ती बदल. ३४ दातांची घे, फक्त तुझा मागचा डिरेलर ती पेलतो का ते मेकॅनिकला आधी विचार. पुढे ३४, मागे ३४ असलं की मिनिटाला साठ पायडल मारून ताशी साडेसातचा वेग मिळतो. त्याच वेगाला २८ वर पन्नासदेखील पडत नाहीत, प्रत्येक पायडल जोर लावून दाबावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. सामान पाठीवर अजिबात नको. दोन पॅनिअर, वजन दोन्हीकडे सारखं, जड वस्तू तळाशी. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, चेनची जोडकडी, ब्रेक शूची एक जोडी आणि डिरेलरचा हँगर. हँगर तुझ्याच मॉडेलचा लागतो, तो महाडात मिळेल या भरवशावर राहू नकोस.

आता या मार्गातली गंमत सांगते, कारण ती नकाशाच्या ॲपमध्ये दिसत नाही. कापूरहोळला हमरस्ता सोडलास की तू नीरेच्या मुलखात येतेस. भोरच्या पुढे नीरा देवघरचं पाणी सोबत राहतं, हिरडस मावळातली भातखाचरं लागतात आणि रस्ता नदीच्या उगमाकडे चढत जातो. हीच नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते. तिचा उगम घाटमाथ्याजवळच्या शिरगावात आहे. तिथून थोडं पुढे गेलीस की सह्याद्रीची धार ओलांडली जाते. वरंध उतरून तू सावित्रीच्या खोऱ्यात पोचतेस, आणि महाडला, पोलादपूरला जी सावित्री भेटते तिच्याच उगमाकडे दुसऱ्या दिवशी आंबेनळीने चढतेस. जुन्या महाबळेश्वरच्या देवळात सावित्री आणि कृष्णा दोघींचा उगम मानतात. एक तिथून पश्चिमेला जाते, दुसरी पूर्वेला. तू पूर्वेकडच्या कृष्णेबरोबर खाली येतेस, थेट आपल्या वाईच्या नदीघाटापर्यंत. वाईतून मांढरदेवीचा डोंगर ओलांडलास की पुन्हा नीरा. घाट का चढतोय हे पायांना कळलं की चढ वेगळा वाटतो, सानिका. म्हणूनच प्रत्येक घाटाला त्याचा दिवस दे.

भोरला मुक्कामी पोचलीस की एसटी स्टँडवर चौकशी कर, महाडची गाडी चालू आहे का. वरंध पावसाळ्यात बंद ठेवतात आणि पाऊस सरल्यावरही दुरुस्तीसाठी अधूनमधून अडवतात. गाडी जात असेल तर तूही जाशील. आंबेनळीचंही तसंच, २०२१ च्या जुलैतल्या पावसात तो रस्ता ठिकठिकाणी खचला होता.

वरंधच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे आणि भज्यांच्या टपऱ्या. भजी खा, पण सायकल नजरेआड करू नकोस, माकडं पॅनिअरची चेन उघडतात. तिथून पुढे उतार सुरू होतो, आणि मला चढापेक्षा याचीच काळजी जास्त. सामान असलेली सायकल उतारावर तुझ्या सवयीपेक्षा उशिरा थांबते. ब्रेक सतत दाबून धरलेस तर रिम तापते, आणि फार तापली तर ट्यूब फुटते. तेव्हा दाब, सोड, दाब, सोड, दोन्ही ब्रेक मिळून. वळणाच्या आधी वेग उतरव, वळणात ब्रेकला हात नको. वळताना आतला पायडल वर, बाहेरचा खाली आणि अंगाचा भार त्या बाहेरच्या पायावर. नजर चाकापुढच्या खड्ड्यावर ठेवू नकोस, वळण जिथे सुटतं तिथे ठेव. नोव्हेंबरात या घाटाच्या वळणांवर पावसाने वाहून आणलेली बारीक खडी असते, बहुतेक रस्त्याच्या कडेला. आणि झाडांच्या सावलीतला डांबराचा पट्टा सकाळी दहापर्यंत ओलाच असतो, त्यावर पातळ शेवाळ धरलेलं असतं. उन्हातून सावलीत शिरताना ते डोळ्यांना दिसत नाही. सावली दिसली की ब्रेक आधी. मधे एकदा उतरून रिमच्या जवळ हात ने. धग लागली तर दहा मिनिटं बस, आणि ब्रेक शूमध्ये धातूचे कण रुतले असतील तर सुईने काढ.

एसटीला वळणावर रस्त्याची पूर्ण रुंदी लागते. हॉर्न ऐकू आला की डावीकडे थांब. कानात इअरफोन घालून घाटात शिरलीस असं कळलं तर मी खरंच रागावेन.

महाडला लवकर पोचशील. चवदार तळ्यावर जा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं त्या पाण्यापर्यंत चालत गेली. तिथे घाई करू नकोस. महाड ते पोलादपूर मुंबई-गोवा महामार्ग आहे, कंटेनर आणि ट्रक यांचा. तेवढं अंतर उजाडता उजाडता उरकून टाक, म्हणजे आंबेनळीचा खालचा उघडा भागही ऊन चढायच्या आत होईल. कोकणातली दमट हवा घाम सुकू देत नाही. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ-साखर-लिंबू एका बाटलीत कायम ठेव. भूक लागायच्या आधी खा, अर्ध्या-पाऊण तासाला चिक्कीचा तुकडा किंवा खजूर.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. तिथे जेव आणि तासभर पड. पुढचा रस्ता हे या सबंध फेऱ्यातलं सगळ्यात चांगलं रान आहे, जुन्या जावळीचं. खाली ऐन, किंजळ, हिरडा. वर जाशील तसं जांभूळ, गेळा, अंजनी, आणि झाडं बुटकी, दाट होत जातात. फांद्यांवर शेवाळ, खोडांना नेचे. इथे हळू चालव, हळूच चालवावं लागेल. सायकलचा आवाज नसतो म्हणून जनावरं बिचकत नाहीत. गवा रस्त्यात उभा दिसला तर घंटी वाजवू नकोस, फोन काढू नकोस, लांबच थांब, तो आपण होऊन जातो. कड्याखाली आग्यामोहळं असतात, तिथे धूर किंवा अत्तर काही नको. चिक्कीचा कागद खिशात. आणि पाच वाजायच्या आत महाबळेश्वरात मुक्कामाच्या जागी पोच, मैत्रीण बरोबर असली तरी.

शनिवार-रविवारी महाबळेश्वर आणि पसरणी गाड्यांनी भरलेले असतात. सोमवारी निघ, म्हणजे गुरुवारी सकाळी पसरणी उतरशील. त्या दिवशी बत्तीसेक किलोमीटरच आहेत. जेवायला घरी ये, दुपारी झोप. चेन धुऊन तेल घालू, स्पोक वाजवून बघू, कुठला सैल असेल तर रिंगचा आऊट आपल्या पेठेतला मेकॅनिक काढून देईल. मांढरदेवीचा चढ छोटा पण खडा आहे, पहाटे निघावं लागेल. मी माझी सायकल काढते, काळूबाईच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत तुझ्याबरोबर येते.

कॅसेटचं काय ठरलं ते कळव. निघायची तारीख कळली की महाडच्या मुक्कामाचं मी बघते, ओळखीचं घर आहे. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या