कोकोसाठी जमीन कशी पारखावी?

दिवाळीच्या सुटीत वडिलांनी विचारले, "तू भूगोल शिकतोस ना? मग आपल्या पोफळीच्या बागेत कोको होईल का, सांग." घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, उत्तर देणे भागच होते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 1976 साली जमीन-मूल्यमापनाची एक चौकट प्रसिद्ध केली. तीत जमीन नुसती 'चांगली' किंवा 'वाईट' नसते. अमुक पिकासाठी ती कितपत योग्य, एवढेच ठरते. कोकोला सुमारे दीड मीटर खोल, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी माती हवी, आणि डोक्यावर सावली. बागेत गळ्याएवढा खड्डा खणला, कातळ लागला नाही. सावली तर पोफळी देतातच.

फसलो तो पावसात. रत्नागिरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस. घानातील कोकोच्या मुलखात, कुमासीला, सुमारे 1400. मी मोठ्या ऐटीत आकडे सांगितले. वडील म्हणाले, "अरे, पण दिवाळीनंतर थेंब तरी पडतो का?"

कुमासीला पावसाचे दोन हंगाम. आपल्याकडे चार महिन्यांत बहुतेक सारे संपते. 100 मिलिमीटरहून कमी पावसाचे सलग तीनपेक्षा अधिक महिने कोकोला सोसत नाहीत. बाकीचे गुण कितीही उत्तम असोत, सर्वांत लंगडा गुणच जमिनीचा वर्ग ठरवतो. म्हणजे शिंपण्याविना आमची बाग अयोग्यच. शिंपले तर योग्य. पण पोफळींना पुरणारी विहीर दोघांना पुरेल का? वडिलांनी दोराला हात-हातावर गाठी मारून ठेवल्या आहेत. मे महिन्यात आम्ही रोज पाणी मोजणार आहोत.